पुणे ते बेंगळुरू १८,५०० रुपयांत: माझे ४९,२२५ कसे गेले

पुण्याहून बेंगळुरूला घरसामान हलवायला ३४,००० महाग वाटले म्हणून नाकारले आणि शेवटी ४९,२२५ मोजले. वर दोन खोकी गायब, फ्रिजचा दरवाजा चेपलेला. "एवढं स्वस्त कुठे असतं का, हे कळायला नको?" असं म्हणायला कुणी सरसावलं असेल तर जरा थांबा. मी अकाउंट्समध्ये नोकरी करते. लोकांची बिलं तपासण्यावरच माझं पोट आहे. न बघता पैसे टाकणाऱ्यांतली मी नाही.

टू बीएचके, मे महिन्याची अखेर. शाळा आणि बदल्यांमुळे या दिवसांत भाव चढलेलेच असतात. दोघा पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांनी घरी येऊन सामान पाहून ३१,५०० आणि ३४,००० सांगितले. तिसऱ्याने (ट्रकच्या फोटोची जाहिरात होती त्याची) फोनवरच सांगितले १८,५००, वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे १९,४२५. पार्ट लोड आहे, दुसऱ्याच्या सामानाबरोबर जाईल, म्हणून स्वस्त. हे कारण खोटं नाही. पार्ट लोड खरोखरच स्वस्त पडतं, लांबच्या पल्ल्याला तर फारच. तुम्हालाही पटलं असतं.

कोटेशनवरचा जीएसटी नंबर मी पोर्टलवर टाकून पाहिला होता. चालू होता. नाव जवळपास तेच, कोटेशनवर फक्त एक शब्द जास्त. आणि नंबराची सुरुवात ०६ ने. ०६ म्हणजे हरियाणा, महाराष्ट्राचा २७. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल! पण त्या दिवशी गॅस कनेक्शन सरेंडर करायचं होतं, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला आणायचा होता, आणि मी मनाशी म्हटलं, हेड ऑफिस तिकडे असेल. वाकडमध्ये दहा वर्षं धंदा असल्याचं सांगणाऱ्याचं हेड ऑफिस म्हणे हरियाणात. दुसऱ्याच कुणाचा तरी नंबर उचलून छापला होता. नुसतं 'ॲक्टिव्ह' बघू नका. नाव अक्षर न् अक्षर जुळवा, पत्ता बघा, पहिले दोन आकडे बघा.

सामान भरायच्या दिवशी ठरलेल्या ट्रकऐवजी दारात छोटा हत्ती आला. "मोठी गाडी गल्लीत वळत नाही, गोडाऊनवर माल बदलू." आमचे वॉचमनकाका म्हणालेसुद्धा, "ताई, गाडीवर कंपनीचं नावच नाही." मी म्हटलं, भाड्याची असेल. तोवर पलंग सुटा झाला होता, हे आधीच बेंगळुरूला रुजू झालेले, घरमालक चावीसाठी खाली ताटकळलेला. अशा वेळी "सगळं परत वर चढवा" म्हणणारी बाई मला दाखवा. अ‍ॅडव्हान्सचे ४,००० यूपीआयने गेलेच होते. माल भरल्यावर १०,००० मागितले, तेही दिले. बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती, मागितली तर "व्हॉट्सअ‍ॅप करतो मॅडम". ती आजतागायत आलेली नाही. बिल्टी हातात पडेपर्यंत गाडी हलू देऊ नका. त्यावर गाडीचा नंबर, सामानाची यादी आणि ठरलेली पूर्ण रक्कम हवी.

मग ठरल्या दिवशी गाडीऐवजी फोन आला. आवाज निराळा, आणि "मॅडम" जाऊन "देखो" सुरू. वजन जास्त भरलं, १६,०००. विमा ३ टक्के, मी सामानाची किंमत अडीच लाख लिहिली होती म्हणून ७,५००. ई-वे बिल (मालवाहतुकीचं ऑनलाइन कागदपत्र) आणि 'बॉर्डर टॅक्स' ३,८००. झाले २७,३००, शिवाय आधीचे उरलेले ५,४२५. मी सुनावलं, वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलातून सूट आहे, आणि करवसुलीचे नाके जीएसटी आला तेव्हा २०१७ मध्येच उठले. तो शांतपणे म्हणाला, "मग गोडाऊनचं भाडं रोजचे ८०० द्या." नियम त्यालाही पाठ होता. पण माझा संसार त्याच्या गोडाऊनमध्ये होता. ३२,७२५ भरले. उतरवणाऱ्या हमालांनी तिसऱ्या मजल्याचे २,५०० वेगळे घेतले. विम्याची पॉलिसी मागितली, ती कधी काढलेलीच नव्हती. पॅकर्सच्या बिलावरची ओळ म्हणजे विमा नव्हे, विमा कंपनीची तुमच्या नावाची पॉलिसी दाखवा म्हणावं.

आता पोलीस. पुण्यात सांगितलं, माल बेंगळुरूत अडवलाय, तिकडे जा. बेंगळुरूत सांगितलं, व्यवहार पुण्याचा, आणि तुम्ही पैसे स्वतःच दिलेत, ही दिवाणी बाब आहे. हद्द कुठलीही असो, झीरो एफआयआर नोंदवायची तरतूद १ जुलै २०२४ पासून कायद्यातच आली आहे. वाहतुकीसाठी सोपवलेल्या मालाचा अपहार केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(३) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे मी साध्या गृहिणीच्या चेहऱ्याने नाही, छापील कागद समोर ठेवून सांगितलं. साहेबांनी कागद उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला. जीएसटीच्या एका कार्यालयात तर म्हणाले, ज्याचा नंबर चोरला त्याने तक्रार करायला हवी! म्हणजे मी ज्याला ओळखत नाही त्या हरियाणातल्या माणसाला शोधून विनवायचं, की बाबा रे, माझ्यासाठी तक्रार कर. पगार कसला घेतात हे लोक?

ग्राहक आयोगात राहत्या ठिकाणाहून ऑनलाइन तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. केली. पण नोटीस बजावायला पत्ता लागतो. कोटेशनवरच्या पत्त्यावर निघालं मोबाइल रिचार्जचं दुकान. हाताशी खरा पुरावा एकच, सोसायटीच्या रजिस्टरमध्ये काकांनी टिपलेला गाडीचा नंबर. सामान हरवलं किंवा मोडलं असेल तर वाहतूकदाराला बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर दावाच उभा राहत नाही. हे मला कुणा अधिकाऱ्याने सांगितलं नाही, मीच कायदा उघडून वाचला.

पैसे वाचवायचेच असतील तर जुना सोफा इथेच विका, कपडे-पुस्तकं स्वतः भरा, महिन्याच्या मधल्या तारखा धरा. स्कूटर मी रेल्वे पार्सलने पाठवली, पेट्रोल काढून, आरसीची प्रत जोडून, आणि ती ओरखडाही न पडता पोचली. फोनवर भाव सांगणाऱ्याला घरी बोलवा, येत नसेल तर सोडा.

परवा त्याच ट्रकच्या फोटोची जाहिरात पुन्हा दिसली. नाव नवीन, जीएसटी नंबर तोच. पुणे ते बेंगळुरू, फक्त १६,९९९.