फ्रेड डेटाबेस: इकॉनॉमिक्सच्या विद्यार्थ्याने दोन वर्षं वापरून लिहिलेला रिव्ह्यू

इकॉनॉमिक्स घेतलंय आणि अजून फ्रेड उघडलं नसेल तर आजच उघडा. अमेरिकेतल्या सेंट लुईस फेडरल रिझर्व्ह बँकेचा हा डेटाबेस आहे, १९९१ पासून चालू, पूर्ण फुकट, ग्राफ बघायला लॉगिनसुद्धा लागत नाही. जीडीपी, महागाई, व्याजदर, घरांच्या किमती, लाखो सिरीज आहेत.

मी पहिल्यांदा उघडलं ते मॅक्रोच्या असाइनमेंटसाठी, फिलिप्स कर्व्हवर. बेरोजगारी कमी झाली की महागाई वाढते असं सरांनी फळ्यावर उतरती रेघ काढून शिकवलं होतं, आम्ही ती वहीत उतरवली, पेपरात काढली, मार्कही मिळाले, पण ती रेघ आली कुठून हे कोणी विचारलंच नाही. फ्रेडवर बेरोजगारीचा दर जानेवारी १९४८ पासून महिन्या-महिन्याचा आहे. त्याच ग्राफमध्ये महागाई टाकली, ग्राफचा प्रकार स्कॅटर केला आणि तारखा १९६० च्या दशकाच्या ठेवल्या, तर ठिपके खरंच फळ्यावरच्या रेघेसारखे उतरत गेले. मग तारीख नुसती पुढे सरकवली आणि सगळं विस्कटलं. १९७५ च्या मे महिन्यात बेरोजगारी ९ टक्के आणि महागाईसुद्धा ९ च्या वर, १९८० च्या सुरुवातीला तर महागाई १४ च्या पुढे! फ्रीडमन आणि फेल्प्स या अर्थशास्त्रज्ञांनी १९६७-६८ मध्येच सांगून ठेवलं होतं की लोक महागाई धरून चालायला लागले की बेरोजगारी आणि महागाईमधला हा सौदा टिकणार नाही. अपेक्षांचा तो चॅप्टर मी तीनदा वाचला होता, कळला तो त्या रात्री.

वापरायला सोपं आहे पण एक सवय लावून घ्या, सिरीजचं नाव पूर्ण वाचा. किरकोळ विक्रीची सिरीज सीझनली ॲडजस्टेड (म्हणजे दरवर्षी ठरावीक महिन्यांत होणारे चढउतार काढून टाकलेली) पण मिळते आणि न केलेली पण. मी दुसरी उचलली आणि दर डिसेंबरला उंच उडी दिसली तेव्हा काहीतरी मोठं सापडलं असं वाटून अख्खं पान लिहून काढलं, ते फक्त सणासुदीची खरेदी होती. तसंच सीपीआय (ग्राहक किंमत निर्देशांक) उघडला की आधी इंडेक्स, म्हणजे किमतींची पातळी दिसते, ती म्हणजे महागाईचा दर नव्हे, त्यासाठी एडिट ग्राफमध्ये जाऊन युनिट बदलून वर्षभरापूर्वीच्या तुलनेत टक्के बदल असं करावं लागतं. ग्राफवरचे राखाडी पट्टे म्हणजे अमेरिकेतली मंदी. दुसऱ्या देशाचा ग्राफ काढताना ते बंद करा, नाहीतर चुकीचा अर्थ निघतो.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, आल्फ्रेड. फ्रेडचंच भावंड, यात एखादा आकडा त्या-त्या दिवशी काय जाहीर झाला होता ते बघता येतं. २००८ च्या शेवटच्या तिमाहीत अमेरिकेचा जीडीपी वार्षिक दराने ३.८ टक्क्यांनी घटला असा पहिला अंदाज जानेवारी २००९ मध्ये आला, महिन्याभरातच तो ६.२ झाला, आणि पुढच्या दुरुस्त्यांनंतर तीच घट ८ टक्क्यांच्या वर गेली. म्हणजे संकट चालू असताना निर्णय घेणाऱ्यांच्या हातात अर्ध्याहून कमी आकडा होता. आपण परीक्षेत त्यांच्या धोरणाचं मूल्यमापन आजच्या आकड्यांवर करतो, हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं आणि हे पहिल्याच वर्षी शिकवायला हवं.

मर्यादा आहेच. खरी ताकद अमेरिकेच्या डेटात आहे, बाकी देशांचं बरंचसं ओईसीडी, वर्ल्ड बँक अशा संस्थांकडून येतं आणि काही सिरीजवर डिसकंटिन्यूड (पुढे अपडेट होणं बंद) लिहिलेलं असतं, त्या घेऊन प्रोजेक्ट सुरू करू नका. तुमच्या विषयाचा देश वेगळा असेल तर तिथल्या सांख्यिकी खात्याची मूळ साइटच बघा. फायनान्सवाल्यांना रोखे, चलनदर, दहा आणि दोन वर्षांच्या सरकारी रोख्यांच्या यील्डमधला (परताव्याच्या दरातला) फरक हे सगळं तयार मिळेल, पण एकेका कंपनीचे ताळेबंद इथे शोधू नका.

डेटा एक्सेलमध्ये डाउनलोड होतो. फाईलच्या नावात डाउनलोडची तारीख टाका, कारण आकडे बदलतात आणि दोन महिन्यांनी गाईडनी विचारलं की हा आकडा आता वेगळा कसा दिसतोय, तर उत्तर त्या तारखेतच असतं.