स्टारड्यूचं शेत बोटीवर गेलं: दोघांत आणि एकटीने खेळायचे गेम, वापरानंतर

स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा कॉम्प्युटर गेम डोळे झाकून घ्या, असं मी वर्षभर भेटेल त्याला सांगत होते. आता सांगत नाही. गेम होता तसाच चांगला आहे. पण आमचं शेत मे महिन्यापासून दादाच्या लॅपटॉपात आहे, दादा बोटीवर आहे, आणि बोट परवा सिंगापूर सोडून पुढे गेली.

दादा मर्चंट नेव्हीत. सहा-सात महिने बोटीवर, मग तीन-चार महिने कल्याणला वहिनी-पोरांत. मी इकडे गुहागरला. घराला लागून खोल्या आहेत त्या पर्यटकांना देते. तो घरी असला की रात्री जेवणं आटोपल्यावर आम्ही तास-दीड तास खेळतो. तो साइन ऑन झाला, म्हणजे बोटीवर रुजू झाला, की मी एकटी. त्यामुळे मला गेम असा लागतो जो दोघांतही रंगेल आणि दादा नसताना धूळ खात पडणार नाही. स्टीम या गेमांच्या ऑनलाइन दुकानाच्या पानावर 'सिंगल-प्लेअर' (एकट्याने) आणि 'ऑनलाइन को-ऑप' (नेटवरून मिळून) अशा दोन्ही खुणा दिसल्या की आपण खूश होऊन पैसे भरतो. दुसरा माणूस गेला की आपल्या हातात काय राहतं, हे त्या खुणा सांगत नाहीत.

गेम कसे आहेत ते तुम्हाला ठाऊक असणार, ते सांगत बसत नाही. माझी कटकट एकाच गोष्टीबद्दल आहे: सेव्ह, म्हणजे खेळलेलं साठवणारी फाइल, कोणाकडे राहतो.

स्टारड्यूत जो शेत उघडतो, म्हणजे होस्ट, त्याच्याच मशीनवर सगळं साठतं. शेत साठतं ते ठीक. पण पाहुणी म्हणून आलेल्या माझं पात्रसुद्धा, त्याची अवजारं, मासेमारीची लेव्हल, गावात कोणाशी किती मैत्री जमली, सगळं त्याच फाइलीत. होस्टने गेम लावला नाही तर मला माझ्याच घराचं दार उघडता येत नाही. कसायला दोघं आणि सातबारा एकाच्या नावावर, हे दुखणं कोकणात घरोघरी फुकट मिळतं. मी ते पैसे मोजून घेतलं. त्यातही पीसीवर दोघांना दोन कॉप्या घ्याव्या लागतात. सेव्हची प्रत नेटवर ठेवणारा स्टीम क्लाउड आहे ना, असं कोणी म्हणेल. आहे, पण दादाच्या खात्यात.

आणि हा दादा बोटीवर ड्युटी संपली की ऑफलाइन लावून तेच शेत पुढे नेतो. फोन लागला की सांगतो, "बाय, घातलंय हां तुझ्या कोंबड्यांना गवत." आम्ही सोडलं तेव्हा दुसऱ्या वर्षाचा हिवाळा होता. तिकडे आता चौथं वर्ष लागलंय आणि माझं पात्र तेव्हापासून आपल्या खोपटात झोपून आहे.

फाइल पाठव म्हटलं. ती पाठवता येते: विंडोजच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात स्टारड्यू व्हॅली, त्यात सेव्ह्ज, त्यात त्या शेताचा फोल्डर असतो, तो उचलायचा. पण तो माझ्याकडे उघडला की मी खेळणार दादा म्हणून. होस्टचं पात्र तेच मुख्य, त्यात बदल करायची सरळ सोय गेमात नाही. म्हणजे माझं पात्र तसंच झोपलेलं, आणि मी दादाच्या अंगात शिरून त्याच्या गेममधल्या बायकोला सकाळ-संध्याकाळ भेटवस्तू देत फिरायचं. नको.

मग दादालाच होस्ट का केलं? लाइट. स्टारड्यूचा दिवस सकाळी ६ ते रात्री २, खऱ्या घड्याळात १४ मिनिटांचा, आणि सेव्ह होतो तो झोपल्यावरच. एकटीने खेळताना मेनू उघडला की वेळ थांबते. दोघांत ती पळत राहते, आणि दोघंही अंथरुणात शिरल्याशिवाय दिवस २ च्या आधी संपत नाही. होस्टचं नेट गेलं की त्या दिवशी पाणी घातलेलं, मासे पकडलेले, सगळं दोघांचंही फुकट. पाहुण्याचं गेलं तर तो एकटा बाहेर पडतो, शेत चालू राहतं. आता पावसात नेट कल्याणचं टिकणार की आमचं, हे काय सांगायला हवं? जरा वारा सुटला की फांदी तारेवर. त्या हिशेबाने दादा होस्ट झाला.

यात एक खरेदी मात्र वसूल झाली, ती म्हणजे राउटरला लावायचा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस. लॅपटॉप बॅटरीवर चालतच असतो, मरतो तो राउटर. या सगळ्या गेमांपेक्षा हा डबा जास्त उपयोगाचा. पण केबलच तुटली तर त्याचाही इलाज नाही. रस्त्याचं काम निघालं, जेसीबी आला, केबल गेली. तक्रार नोंदवली की दुसऱ्या दिवशी "आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे" असा मेसेज येतो, आणि तो मेसेज मी मोडेमवरच्या एलओएसच्या (सिग्नल नसल्याच्या) लाल दिव्यासमोर उभी राहून मोबाइल डेटावर वाचते. पुन्हा फोन करा तर म्हणतात, आधीची तक्रार बंद झालीय, नवीन नंबर घ्या. माणूस येतो तेव्हा पाऊस थांबलेला असतो आणि माझ्या खोल्या भरलेल्या असतात, मग खेळायला वेळ कोणाला?

इथवर लिहून ठेवलं होतं आणि पुढे व्हॅल्हाइम या रानात तगून राहायच्या, घरं बांधायच्या गेमलाही असंच झोडपलं होतं. तो परिच्छेद काढून टाकला, कारण मधल्या काळात दादाची बोट बंदराला लागली, त्याला धड नेट मिळालं आणि त्याने मला दोन फाइली पाठवल्या.

व्हॅल्हाइम २०२१ च्या फेब्रुवारीत, पूर्ण व्हायच्या आधीच, अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला तेव्हापासून त्याची मांडणी वेगळी आहे. जग होस्टकडे राहतं, पण पात्र ज्याचं त्याच्या मशीनवर. दादाकडून आलेल्या फाइली जगाच्या: एक डीबी, एक एफडब्ल्यूएल, नाव एकच. त्या लोकल जगांच्या फोल्डरात टाकल्या, गेम लावला, यादीत आमचं जग आलं आणि त्यात मी माझं स्वतःचं पात्र घेऊन शिरले. किनाऱ्यावरचं घर जागेवर, माझ्या पेट्या जागेवर, दादाने अर्धवट सोडलेला धक्का अर्धवटच. स्टारड्यूत हे का जमू नये? अडचण एवढीच की आता जगाच्या दोन प्रती झाल्यात आणि त्या जोडता येत नाहीत. मी इकडे बांधलेलं त्याच्याकडे दिसणार नाही. त्याला सांगून टाकलंय, माझी प्रत खरी, तू उघडायचीसुद्धा नाही. त्याला तशीही हौस नाही. जहाजावरचा माणूस गेममध्ये होडी हाकायला तयार होत नाही. आम्ही खेळायचो तेव्हाही सुकाणू माझ्याकडे आणि हा मागे बसून वारा कुठून आहे ते सांगणार.

एकटीने व्हॅल्हाइम जड जातो, हे मात्र आहे. जवळ खेळाडू जास्त असले की शत्रूही तगडे होतात, त्यामुळे एकटीला आकडे सोपे मिळतात. पण दलदलीत मेलात की तुमचं सामान तिथेच थडग्यात राहतं आणि उघड्या अंगाने ते आणायला परत जावं लागतं. दोघं असलो की एक जण जळवांना अंगावर घेतो, दुसरा थडगं उपसतो. एकटीला दोन्ही. शिवाय लोखंड पोर्टलमधून (क्षणात दूर पोचवणाऱ्या दारातून) नेता येत नाही, ते होडीतूनच आणायचं. २०२३ च्या ऑगस्टच्या अपडेटपासून जगाचे नियम बदलता येतात: लढाई सोपी करता येते, पोर्टलमधून धातू न्यायलाही परवानगी देता येते. मी दुसरं केलं. लाइटचा भरवसा नसलेल्या घरी अर्धा तास होडी वल्हवत लोखंड आणायचं हे शहाणपणाचं नाही.

आता डीप रॉक गॅलेक्टिक, गुहांत खाणकाम करत किड्यांशी लढायचा गेम. हा मी परत करणार होते. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात, आणि पहिल्या तासातच काळोख्या गुहांनी माझं डोकं उठलं होतं. मग केबल तुटली. ती जोडली जाईपर्यंत परतीची मुदत टळून गेली, पैसे अडकले, आणि अडकलेच आहेत तर खेळू म्हणून खेळले. आज माझ्या लॅपटॉपवर सगळ्यात जास्त चालणारा गेम हाच.

कारण इथे सातबाऱ्याची भानगड नाही. ज्याने जे कमावलं ते त्याच्या खात्यात. मोहीम साधारण अर्ध्या तासाची. होस्ट मध्येच गेला तर मोहीम सगळ्यांचीच संपते, होस्टपद दुसऱ्याकडे जात नाही, पण बुडतो तो अर्धा तास, दोन वर्षांचं शेत नाही.

दोघांत दादा इंजिनिअरच्या भूमिकेत, मी स्काउटच्या. गुहेच्या छताजवळ नायट्रा नावाचं खनिज चमकतं. दादा खालून बंदुकीने त्याच्या बरोबर खाली एक फळी चिकटवतो, मी हुकची दोरी मारून त्या फळीवर उतरते आणि खणते. फळी एक वीत चुकली की मी खाली. ८० नायट्रा झाले की रसद मागवायची. तिचे चार वाटे असतात, दोन त्याचे, दोन माझे, आणि त्यावरून आमचं दर वेळी भांडण. एकटीने गेलं की चारही माझे, आणि सोबतीला बॉस्को नावाचा उडता ड्रोन मिळतो. छतावरचा नायट्रा त्याला लेझरने दाखवला की जाऊन खणतो, उजेड धरतो, गोळ्या झाडतो, मी पडले तर ठरावीक वेळा उठवतोसुद्धा. दुसरा माणूस आला की बॉस्को येत नाही. म्हणजे एकटीसाठी गेमची कापून कमी केलेली आवृत्ती नाही, वेगळी आखलेली आहे. आणि बॉस्को वाट्यावरून भांडत नाही.

बॉट, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो तो सोबती, म्हटलं की झाँबी मारायचा लेफ्ट ४ डेड २ आठवतो. २००९ चा गेम, सेलमध्ये वडापावच्या भावात मिळतो. चौघांचा आहे, कमी पडतील तिथे बॉट भरतात. आम्ही दोघं आणि दोन बॉट असं भरपूर खेळलो. बॉटांचा नेम चांगला, पण पाइप बॉम्ब कधी फेकत नाहीत. सेव्हचा प्रश्नच नाही, काही साठवायचंच नसतं. स्वस्तात हवं असेल त्याने इथून सुरुवात करावी.

कंपनीच्या सर्व्हरवर सगळं ठेवणारे गेम मला खरं तर आवडायला हवेत, कारण तिथे होस्टची मिजास नाही. रॉकेट लीग या गाड्यांनी फुटबॉल खेळायच्या गेममध्ये एकास एक, दोनास दोन असे वेगळे प्रकार आहेत, प्रत्येकाची रँक वेगळी, सामना पाच मिनिटांचा, २०२० पासून फुकट. आमच्यासारख्यांना याहून सोयीचं काय असणार? पण स्पर्धेचा सामना अर्ध्यावर सोडला की बंदी, पुन्हा सोडला की आणखी मोठी. लाइट गेली आणि आपण पळालो यातला फरक त्यांना कळत नाही. जुलैत तर मी खेळायचे थोडं आणि बंदी जास्त भोगायचे. आता पावसाळ्यात फक्त साधे सामने, स्पर्धेचे दिवाळीनंतर.

बीजीएमआय, म्हणजे पबजी मोबाइलची भारतातली आवृत्ती, फोनवर चालतो, सोलो (एकट्याने) आणि डुओ (दोघांत) दोन्ही आहेत, आणि हे दोन वेगळेच खेळ आहेत. डुओत गोळी लागून पडलात तर सोबती येऊन उठवतो, म्हणून माणूस बिनधास्त घुसतो. सोलोत पडलात की खेळ खलास; मी अर्धा वेळ गवतात आडवी असते. पण माझा यावर जीव नाही. २०२० च्या सप्टेंबरात पबजी मोबाइलवर बंदी आली, २०२१ च्या जुलैत बीजीएमआय आला, २०२२ च्या जुलैत तोही दुकानातून गेला, २०२३ च्या मेमध्ये परतला. अशा ठिकाणी पात्राच्या कपड्यांना पैसे खर्च करणारे लोक बघितले की मला कमाल वाटते. २०२५ च्या ऑगस्टात संसदेने ऑनलाइन गेमचा कायदा केला तेव्हा आई दारातून म्हणाली, "बंद केलेन ना गो सरकारने ते गेम?" बंद झाले ते पैसे लावून खेळायचे, हे तिला समजावलं. तिचा चेहरा पडला.

राहिला इट टेक्स टू. २०२१ चा, दोघांशिवाय सुरूच होत नाही, एकटीला शून्य उपयोग. तरी त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण एकाने विकत घेतला की दुसऱ्याला फ्रेंड्स पासवर फुकट खेळता येतो. दादाच्या एका सुट्टीत संपला, काढून टाकला, जागा मोकळी झाली. दोघांसाठीच म्हणून आहे, हे तो आधीच सांगतो. 'सिंगल-प्लेअर' अशी खूण लावून फसवत नाही.

सध्या मशीनवर डीप रॉक आणि व्हॅल्हाइम ठेवलेत. स्टारड्यूत माझं वेगळं, एकटीचं शेत सुरू केलंय. त्यात मेनू उघडला की वेळ थांबते, आणि पर्यटक मध्येच गरम पाणी मागायला आले तर तेवढं बरं पडतं. दादा साइन ऑफ झाला की स्प्लिट फिक्शन घ्यायचं म्हणतोय, तोही फ्रेंड्स पासवाला. माझ्या लॅपटॉपला तो झेपायचा नाही, ग्राफिक कार्ड हवं. कार्डवाल्या लॅपटॉपचे अर्धे पैसे तू देणार असशील तर बोल, असा मेसेज टाकून ठेवलाय. दोन टिक आल्यात, निळ्या अजून झालेल्या नाहीत.