जुन्या स्विफ्टसाठी रिमोटची नवी चावी: साताऱ्यातील एका चावीवाल्याच्या कामाचा नऊ महिन्यांनंतरचा अभिप्राय

गेल्या सप्टेंबरात कासला फुले पाहायला गेलो असताना आमच्या २०१२ सालच्या डिझेल स्विफ्टची रोजच्या वापरातील चावी हरवली. पुतण्याने साताऱ्याहून मोटारसायकलवर, भर पावसात घाट चढून, घरातली दुसरी चावी आणून दिली म्हणून त्या दिवशी परतता आले. ही दुसरी चावी बारा वर्षे कपाटात पडून असल्यामुळे तिचे पाते जवळजवळ नव्यासारखे होते. मात्र तिच्या रिमोटचे रबरी बटण केव्हाच फाटून आतली कळ निकामी झाली होती. गाडी सुरू करण्यास ती पुरेशी होती, पण दरवाजे हाताने उघडावे लागत, आणि ही एकुलती एक चावीही हरवली तर गाडी उचलून न्यावी लागेल, ही धास्ती होतीच.

एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी केली तेव्हा आरसी व आधार यांच्या प्रती, चावी हरवल्याची पोलिसांकडील नोंद, आगाऊ रक्कम आणि सुमारे तीन आठवड्यांची वाट, असा हिशेब समोर आला. खर्च साडेसहा हजारांच्या पुढे होता. तेरा वर्षांच्या गाडीवर एका चावीसाठी एवढे घालावे का, या विचाराने मी आधी एक आगाऊपणा केला. ऑनलाइन नऊशे रुपयांत ‘स्विफ्टसाठी’ म्हणून विकला जाणारा रिमोट मागवला आणि तो कुणाकडून तरी जुळवून घेऊ असे ठरवले. त्या नऊशे रुपयांचे काय झाले ते पुढे सांगतो.

ज्या दुकानाविषयी हे लिहीत आहे ते पोवई नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दुकान म्हणजे दोन माणसे उभी राहतील एवढी जागा. पाटीवर मालकाचे नाव नाही, ‘सर्व प्रकारच्या गाड्यांच्या चाव्या’ एवढेच लिहिलेले आहे. मालक तिशीतला आहे. त्याचे वडील कुलपे दुरुस्त करीत, आणि त्यांची कानस व शेगडा अजूनही त्याच फळीवर लॅपटॉपशेजारी ठेवलेला आहे. पहिल्या भेटीत त्याने किंमत सांगण्याआधी आरसी मागितली आणि त्यावरील चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. मला हे फार आवडले. कोणाच्याही गाडीला कोणालाही चावी करून देणाऱ्या कारागिराकडे मी माझी गाडी नेणार नाही.

त्यानंतर त्याने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत देतो. “काका, तुमच्या चावीत तीन वस्तू हायेत. पातं वायलं, चिप वायली, रिमोट वायला. तिन्हीचा एकमेकांशी काय संबंध नाही.” या एका वाक्यात सगळा विषय येतो, पण माझ्यासह अनेकांची समजूत अशी असते की रिमोट चालला म्हणजे चावी झाली. पाते केवळ कुलूप फिरवते. चावीच्या प्लास्टिकमध्ये तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी चिप बसवलेली असते. तिला सेल लागत नाही, कारण चावी जिथे घालतो त्या कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातूनच तिला जागे होण्यापुरती वीज मिळते. चिपने दिलेले उत्तर गाडीच्या स्मरणातील नोंदीशी जुळले तरच इमोबिलायझर, म्हणजे गाडीतील चोरीविरोधी यंत्रणेचा भाग, इंजिनाला इंधन मिळू देतो. रिमोट हा तिसरा भाग. तो स्वतःच्या सेलवर चालणारा छोटा रेडिओ असून त्याचा इंजिनाशी काहीही संबंध नाही. म्हणूनच रिमोटचा सेल संपला तरी अशी गाडी सुरू होते, आणि उलट, बाजारात शंभर रुपयांत हुबेहूब कापून दिलेल्या बिनचिपच्या चावीने दार उघडते, स्टार्टरही फिरतो, पण इंजिन चालू राहत नाही.

माझा ऑनलाइन रिमोट त्याने एका तळहाताएवढ्या मापकाजवळ धरून बटण दाबले. मापकावर ३१५ मेगाहर्ट्झ असा आकडा आला. आमच्या गाडीचा रिमोट ४३३.९२ वर बोलतो. ३१५ हा आकडा मुख्यतः अमेरिका आणि जपानमधल्या गाड्यांचा. बाहेरून दोन्ही रिमोट जुळ्या भावंडांसारखे दिसतात, म्हणून कोणी स्वतः मागवणार असेल तर चित्र न पाहता हा आकडा पाहावा. नऊशे रुपये तिथेच बुडाले. विक्रेत्याने परत घेण्यास नकार दिला, हे ओघाने आलेच.

चिपच्या बाबतीत मला दोन पर्याय मिळाले आणि त्यांतला फरक त्याने न कंटाळता समजावला. पहिला पर्याय हातातल्या चावीच्या चिपची नक्कल करण्याचा: हे काम लवकर होते, गाडीला यंत्र जोडावे लागत नाही आणि सातशे रुपये वाचतात. परंतु नक्कल केलेली चिप गाडीच्या दृष्टीने जुनीच चिप असते. गाडीच्या स्मरणात काहीच बदलत नाही, आणि त्यामुळे हरवलेली चावीही पूर्वीसारखीच मान्य राहते. दुसरा पर्याय नव्या चिपची गाडीत स्वतंत्र नोंद करण्याचा: यात यंत्र आधीच्या सर्व चाव्यांची नोंद पुसते आणि समोर असतील तेवढ्याच पुन्हा चढवते. चावी कासच्या पठारावर पडली असेल तर ती गुराख्याला सापडण्याचीच शक्यता अधिक, हे मला कळत होते. पण गाडीच्या जागेवरच पडली असेल तर ती उचलणाऱ्याने गाडीचा क्रमांकही पाहिलेला असणार. मी नोंदीचा पर्याय घेतला. चिप, रिमोट, पाते कापणे आणि नोंद मिळून तीन हजार दोनशे रुपये ठरले. घासाघीस केली नाही.

प्रत्यक्ष काम सव्वा तास चालले. पाते कपाटातल्या चावीवरून कापले. रोजच्या वापराने झिजलेल्या चावीवरून नक्कल केली तर झीजही नव्या पात्यात उतरते, तेव्हा हरवलेली चावी सापडली असती आणि तीच घेऊन आलो असतो तर पाते इतके बरे आले नसते, असे तो म्हणाला. पाते दारात सहज फिरले, डिकीत अडकले, आणि वडिलांच्या कानशीचे दोन हात मारल्यावर तिथेही फिरू लागले. मग त्याने बॉनेट उघडून गाडीच्या बॅटरीचा दाब मोजला. तो १२.५ व्होल्ट होता. नोंद चालू असताना दाब खाली गेला तर काम अर्ध्यावर तुटते आणि तोपर्यंत जुन्या चाव्या पुसल्या गेलेल्या असतात, म्हणून बॅटरी खालावलेल्या गाडीला तो आधी चार्जर लावतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात यंत्र जोडल्यावर चावीचे चिन्ह डॅशबोर्डवर लुकलुकू लागले, आणि काही मिनिटे गाडी कोणत्याच चावीला ओळखत नव्हती. ती मिनिटे मला लांबली.

चाचणीच्या वेळची एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. मी सवयीने दोन्ही चाव्या एकाच कडीत अडकवल्या होत्या. त्याने त्या सोडवायला लावल्या आणि जुनी चावी दुकानात ठेवून मगच नवीने इंजिन सुरू केले. जुनी चिप कुलपाच्या अगदी जवळ लोंबत असेल तर वेटोळे तिलाच वाचू शकते, आणि नवी चिप कोरी असूनही गाडी नव्या चावीनेच सुरू झाल्याचा भास होतो. घाईत काम उरकणाऱ्याकडून हीच फसगत होते, जाणूनबुजून नसेल तरी.

आता त्रुटी. रिमोटचे प्लास्टिक हलके आहे. दोन महिन्यांत वरचे चकाकणारे चिन्ह गळून पडले आणि कडेची फट नखाने उघडेल इतकी सैल झाली. मूळ रिमोट आमच्या सोसायटीच्या फाटकातून चालत असे, हा गाडीपासून दहा-बारा पावलांवर आल्याशिवाय दाद देत नाही. सेल नवा घालून पाहिला, फरक पडला नाही. पावती साध्या वहीच्या कागदावर मिळाली. मी आग्रहाने तिच्यावर गाडीचा क्रमांक आणि ‘जुन्या चावीची नोंद रद्द’ असे शब्द लिहून घेतले, कारण गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते आणि एक चावी कुठे गेली याचे उत्तर तेव्हा कागदावर असावे लागते. असे बिल दुकानाने स्वतःहून द्यायला हवे.

याहून मोठी त्रुटी मात्र मला या जूनमध्ये कळली. पहिल्या वळवाला रेनकोट बाहेर काढला, तेव्हा त्याच्या फाटलेल्या खिशातून अस्तरात उतरलेली कासची चावी हाताला लागली. आनंद ओसरल्यावर मी तिला घेऊन गाडीजवळ गेलो. इंजिन सुरू झाले नाही, चावीचे चिन्ह लुकलुकत राहिले. म्हणजे चिपची नोंद खरोखरच पुसली गेली होती आणि सातशे रुपये सार्थकी लागले होते. पात्याने दार उघडले, ते उघडणारच, कुलूप तर बदललेले नव्हते. पण बटण दाबताच चारही दरवाजे खटकन उघडले! चिपची यादी पुसली म्हणून रिमोटची यादी पुसली जात नाही, आणि ती कोणी पुसलीच नव्हती. नऊ महिने मी ज्या निश्चिंतीने गाडी नाक्यावर उभी करीत होतो तिला निम्माच आधार होता.

दुकानात जाऊन हे सांगितले तेव्हा त्याने सबबी सांगितल्या नाहीत. “चुकलंच काका, मीच तुम्हाला वायलं वायलं म्हणून सांगितलं आणि मीच इसरलो,” असे म्हणून तो गाडीत येऊन बसला. आमच्या गाडीला मोजकेच रिमोट लक्षात राहतात. नवा रिमोट पुन्हा पुन्हा जोडत गेले की जुना आपोआप यादीबाहेर ढकलला जातो. त्याने तसे करून दाखवले. यंत्रही लागले नाही, पाच मिनिटांचे काम होते. त्यानंतर जुन्या बटणाला गाडीने दाद दिली नाही. मग सापडलेली चावी हाती असल्यामुळे मी तिचीच चिप आणि रिमोट दोन्ही पुन्हा चढवून घेतले, कारण तिचा पल्ला आणि प्लास्टिक दोन्ही नव्या रिमोटपेक्षा सरस आहे. चिपच्या नोंदीसाठी तो इतरांकडून पैसे घेतो. माझ्याकडून या वेळी काही घेतले नाही आणि रिमोटचे सैल झालेले कवचही बदलून दिले.

हातात एक तरी चालू चावी असताना हे काम करून घ्यायचे असेल तर मी याच दुकानाचा रस्ता दाखवीन, फक्त जाताना घरातल्या सगळ्या चाव्या आणि मूळ आरसी सोबत न्यावी, आणि हरवलेला रिमोटही यादीतून काढला का, हे आपल्या तोंडाने विचारावे. दुपारी दीड ते चार दुकान बंद असते, आणि दाराशी गाडी लावायला जागा नसल्यामुळे सकाळी दहाच्या सुमारास गेलेले बरे.