केअर होम : बाबांना ठेवून बरेच महिने झाले, घरच्यांच्या बाजूने अनुभव

बाबांना डिमेन्शिया आहे, घरी सांभाळणं हाताबाहेर गेलं म्हणून केअर होम. खोल्या, स्वच्छता, जेवण ठीक आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. मला वाटतं बघायचं एकच, की ही लोकं घरच्यांना पाहुणे समजतात की कामात धरतात.

ॲडमिशनला औषधांची यादी, जुने रिपोर्ट सगळं घेतलं पण माणूस कसा आहे ते कोणी विचारलंच नाही. बाबांनी उभी नोकरी नाइट शिफ्टमध्ये काढलेली, त्यांना साडेआठला झोपवलं की ते उठून फिरणारच ना! मग फोन, 'फार अस्वस्थ आहेत, गोळी सुरू करू का?' गोळी अँटिसायकोटिक (गंभीर मनोविकारांवर देतात ती) निघाली. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये या गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो अशी ठळक वॉर्निंग अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 2005 मध्येच दिलीय, म्हणून मी विचारलं की कशासाठी, किती दिवस आणि बंद कधी करणार, आणि सोबत पानभर सवयी लिहून दिल्या. डाव्या कानाने ऐकतात, आधी चष्मा मग दाढी, दुखलं तर बोलत नाहीत, चादर मुठीत धरतात. सिस्टरांनी ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. आता रात्री मावशी त्यांना डेस्कजवळ बसवून नॅपकिनच्या घड्या घालायला देतात, गोळी लागलीच नाही.

दुसरं, एकदा बाबा दिवसभर गुंगीत, मधेच बडबड, ड्युटीवरची मुलगी नवीन, तिला वाटलं आजार वाढला. माझी ताई म्हणाली काल असे नव्हते, डॉक्टरांना बोलवा. लघवीचं इन्फेक्शन निघालं. डिमेन्शिया सहसा असा एका रात्रीत बिघडत नाही, आणि 'काल कसे होते' हे सारखी माणसं बदलणाऱ्या ठिकाणी घरच्यांनाच माहीत असतं.

तक्रारी आहेत. कपडे बदलून येतात, नाव शिवलेलं असलं तरी. केअर प्लॅनची, म्हणजे पेशंटची काळजी कशी घ्यायची ते ठरवायची, मीटिंग नेमकी कामाच्या दिवशी भर दुपारी. पण नातेवाईकही कमी नाहीत हां, मोजे हरवले म्हणून मावशींवर ओरडायचं आणि मग आमच्या पेशंटकडे लक्ष देत नाहीत म्हणायचं. आमच्याकडे आधी सगळी भावंडं वेगवेगळे फोन करायची, सिस्टर वैतागल्या, आता फोन फक्त ताई करते.

नवीन कोणी बघत असाल तर रविवारी दुपारी जाऊ नका, तेव्हा सगळीकडेच छान असतं, जेवणाच्या वेळी जा आणि भरवणारी व्यक्ती बसून भरवते की उभ्याने तेवढं बघा. माझ्याकडून पाचात साडेतीन, मीटिंग संध्याकाळी घ्यायला लागले तर चार.