पेटलेला बल्ब पाहून मी पैसे मोजले

गाडीमागे जोडून ओढतात तसली एक जुनी कॅरॅव्हॅन गेल्या वर्षी घेतली आणि गोव्यात पेडण्याच्या आमच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, उभी केली. आतली वायरिंग उंदरांनी कुरतडलेली. ओळखीतून एक वायरमन आला. 38,000 रुपयांत सगळं नवं: तांब्याची वायर, आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा खटका), अर्थिंग. लायसन विचारलं नाही. ओळखीतल्या माणसाला कोण विचारतं!

काम झाल्यावर म्हटलं, अर्थिंग दाखव. त्यानं होल्डरला दोन वायरी लावल्या, एक फेजमध्ये खुपसली, दुसरी वरच्या मोठ्या भोकात. साठ वॅटचा बल्ब लख्ख पेटला. "पळयात काका, फर्स्ट क्लास!"

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, कॅरॅव्हॅन मांद्रेला मेहुण्याकडे नेली. अंगणातल्या बोर्डावर प्लग लावला. पावसाची भुरभुर चालू होती. बायकोनं दाराच्या कडीला हात लावला आणि किंचाळून मागे कोलमडली. पायात रबरी चपला होत्या म्हणून निभावलं. पत्र्याला टेस्टर टेकवला तर तोही पेटला.

प्लग काढून कॅरॅव्हॅनमधलं सॉकेट उघडलं. अर्थच्या स्क्रूवरून न्यूट्रलच्या स्क्रूवर बोटभर काळी वायर. बाहेरून येणारी अर्थची हिरवी वायर कापून, दुमडून, टेपखाली लपवलेली. म्हणजे त्या बल्बचा करंट जमिनीत जातच नव्हता, न्यूट्रलवाटे परत फिरत होता. आणि सॉकेटचा अर्थ पत्र्याला जोडलेला, म्हणजे पत्र्याची अख्खी बॉडी न्यूट्रलवर. घरचा बोर्ड सरळ होता म्हणून कधी जाणवलं नाही. मेहुण्याच्या बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे निघाले, आणि 230 व्होल्ट थेट पत्र्यावर. खाली रबराचे टायर, करंटला उतरायला जागा नाही. ती जागा माझी बायको झाली.

कॅरॅव्हॅनच्या आत न्यूट्रल आणि अर्थ कुठेच एकत्र येता कामा नयेत, ती जोडणी पुरवठ्याच्या बाजूला असते. हिरवी वायर मात्र प्लगपासून चासीपर्यंत (खालच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत) सलग हवी. हे तपासायला वायरमन लागत नाही. प्लग भिंतीतून काढा, आतली मेन आणि बटणं चालू ठेवा, मल्टिमीटर बीपवर घ्या (दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो). प्लगची मोठी पिन आणि चासीचं खरवडलेलं लोखंड: बीप वाजलाच पाहिजे. चासीचं लोखंड आणि प्लगची न्यूट्रलची पिन: वाजता कामा नये. माझ्याकडे नेमकं उलटं झालं.

बिलात आरसीसीबी होती, बॉक्समध्ये साधी डबल पोल एमसीबी, जी जास्त भार किंवा शॉर्ट सर्किट झालं तरच पडते, गळतीला नाही. टेस्टचं बटणच नाही, आणि मी आठ महिने ते पाहिलं नाही! खरी घरगुती आरसीसीबी साधारण 30 मिलिअँपिअर गळतीला पडते. साठाचा बल्ब 260 च्या आसपास घेतो. म्हणजे अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही खरी असती, तर तो बल्ब लावताक्षणी खटका पडून विझला असता. तो पेटत राहिला तेव्हाच मी पैसे द्यायला नको होते.

वायरही ब्लेडनं खरवडली. वर तांब्याचा मुलामा, आत पांढरं अॅल्युमिनियम.

त्याला फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग शांतपणे म्हणाला, "पण काका, बल्ब तर तुमच्यासमोर पेटला होता ना?"