आमच्या सांगलीच्या घराच्या आर्किटेक्ट मॅडम : पूर, काळी माती आणि ड्रॉइंगचा अख्खा सेट

साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली लिहिलंय. नाव टाकत नाही कारण मॅडम एका वेळी मोजकीच कामं घेतात आणि त्यांनीच सांगितलंय की नाव पसरवू नका. पण काम कसं केलं ते लिहायचंच होतं, कारण सांगली-मिरजेकडं जिकडं बघावं तिकडं घरं चालू आहेत आणि लोक आर्किटेक्ट निवडतात व्हॉट्सॲपवर आलेलं थ्रीडी एलेव्हेशन, म्हणजे घराचं दर्शनी चित्र, बघून.

प्लॉट तीन गुंठ्याचा, एनए, पण रस्त्यापेक्षा सखल आणि खाली सगळी काळी माती. 2019 ला आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा आमच्या गल्लीत कमरेएवढं होतं, आणि 2021 च्या जुलैत परत सामान वर चढवायची वेळ आली. त्यामुळं बाबांचं एकच म्हणणं होतं, घर दिसायला कसंही असू दे पण पुढच्या पुरात आईला बोटीतून काढायची वेळ येऊ नये.

बऱ्याच जणांना भेटलो. एकानं प्लॉट न बघताच थ्रीडी पाठवलं, दिसायला एकदम झकास, पण जोता, म्हणजे जमिनीपासून घराच्या फरशीपर्यंतचा भाग, किती उंच धरलाय विचारलं तर म्हणाला ते गवंडी बघून घेतो. एका कॉन्ट्रॅक्टरनं सांगितलं की आर्किटेक्टची फी नकोच, स्क्वेअर फुटाच्या रेटमध्ये प्लॅन फ्री. आता ज्याच्या कामावर लक्ष ठेवायचं त्याच्याच पगारावरचा माणूस प्लॅन काढणार असेल तर तो आपल्या बाजूनं कधी बोलणार, सांगा.

मॅडम पहिल्यांदा आल्या त्या थेट प्लॉटवर. शेजारच्या काकांच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण अजून आहे, ती टेपनं मोजून घेतली, काकूंना विचारलं पाणी कुठल्या बाजूनं शिरलं, किती दिवस राहिलं, गटारातनं उलटं आलं का. मग पाटबंधारे खात्याची पूररेषा आमच्या मोजणी नकाशावर टाकून दाखवली. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येईल तो पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा. निळीच्या आत बांधायचंच नाही, आणि दोन्हींच्या मधे प्लॉट असेल तर जोता लाल रेषेच्या पातळीच्या वर न्यायचा. खरं तर हे प्लॉट घ्यायच्या आधी कळायला पाहिजे आणि गावात हे नीट सांगणारी माणसं फार कमी आहेत.

नंतर जेसीबीनं खड्डा मारला, मुरूम किती खाली लागतो बघायला. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पाया त्यातच ठेवला की चार-दोन वर्षांत फरशी उचलते, भिंतीला तिरक्या चिरा जातात, आमच्याकडं अशी घरं दर गल्लीत दाखवतो. मॅडमनी माती तपासून घेतली आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा आणला, म्हणाल्या कॉलम-बीमचा हिशोब मी करणार नाही, ज्याचं काम त्यानंच करायचं. ही गोष्ट मला फार आवडली.

आता मुख्य मुद्दा. आर्किटेक्ट घेताना आपण पैसे कशाचे देतोय? माझ्या मते वर्किंग ड्रॉइंगचे. पालिकेत मंजुरीला जातो तो प्लॅन म्हणजे परवानगीपुरता कागद, त्यावर घर बांधता येत नाही. मॅडमच्या सेटमधे सेंटरलाइन म्हणजे आखणीच्या मधल्या रेषा, फूटिंग म्हणजे कॉलमचा पाया, प्रत्येक बीमची सळई, दारं-खिडक्यांचं शेड्यूल, लाइटचे पॉइंट, पाण्याचे आणि ड्रेनेजचे पाइप कुठनं जाणार, जिन्याची पायरी न पायरी, सगळं मापासकट. पुराचा विचार पण कागदावरच होता : मीटर आणि खालच्या मजल्यावरचे सगळे बोर्ड पाणी येतं त्याच्या वर, ड्रेनेजला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह म्हणजे उलटं पाणी संडासातनं घरात येत नाही, जमिनीतल्या टाकीचं तोंड उंच, ओट्याखाली प्लायवूडच्या ट्रॉल्या नाहीत तर कडप्प्याचे कप्पे, आणि जिना असा की खाली पाणी असलं तरी बाहेरच्या बाहेर गच्चीवर जाता येतं.

निवडताना आम्ही त्यांच्या एका जुन्या साइटच्या मालकांना भेटलो, ते चांगलंच बोलणार, पण त्या साइटवरच्या गवंड्याला गाठलं तेव्हा खरं कळलं. तो म्हणाला, "ह्या मॅडमच्या कामात विचारायला लागत नाही, कागदात असतंय सगळं." माझं तर सगळ्यांना सांगणं आहे की कुणालाही ॲडव्हान्स द्यायच्या आधी त्यांच्या झालेल्या कामाचा ड्रॉइंगचा सेट बघायला मागा आणि त्यावर ज्यानं काम केलं त्या मिस्त्रीशी बोला.

साइटवर मॅडम कडक. स्लॅबच्या आदल्या दिवशी त्या आणि इंजिनिअर दोघं आले, कॉलमच्या उभ्या सळयांभोवती बांधतात त्या रिंगांचे हूक 90 अंशातच वाकवलेले होते, ते 135 करून घेतले. सळई बांधणारे वैतागले, म्हणाले आजपर्यंत कुणी मागितलं नाही. पण भूकंपात 90 चा हूक उघडतो, आणि कोयना 1967 ची आठवण आमच्या आजीच्या पिढीला अजून आहे. सळईवर काँक्रीटचा थर राहावा म्हणून खाली लावतात ते कव्हर ब्लॉक पण मोजले, स्लॅबला 20 मिमी, कॉलमला 40. एम-20 या ताकदीच्या ग्रेडच्या खाली काँक्रीट चालणार नाही हे कॉन्ट्रॅक्टरच्या करारातच लिहून घेतलेलं.

आणि एक, कार्डावर आर्किटेक्ट लिहिलेला प्रत्येक जण आर्किटेक्ट नसतो. 1972 च्या कायद्यानं हे नाव फक्त कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं नोंद असलेल्यानंच लावायचं असतं, 'सीए' या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी नंबर मागा आणि कौन्सिलच्या वेबसाइटवर बघा, नोंद चालू आहे का ते पण. डिप्लोमा झालेले काही इंजिनिअर पण घरं चांगली काढतात, मी त्यांना कमी लेखत नाही, फक्त आपण कुणाला काय म्हणून फी देतोय ते माहीत पाहिजे.

फी सांगलीच्या मानानं जास्त वाटली, खोटं कशाला बोलू. पण टप्प्यानं दिली, प्लॅन, मंजुरी, वर्किंग ड्रॉइंग, स्लॅब, शेवटचा हप्ता भोगवटा प्रमाणपत्र आल्यावर, आणि किती वेळा साइटवर यायचं हे पण लिहून घेतलं. तोंडी काही ठेवू नका.

अर्धा स्टार कापला तो वेळेसाठी. वर्किंग ड्रॉइंग ठरल्यापेक्षा बरंच उशिरा मिळाली, तोवर सेंट्रिंगवाला, म्हणजे काँक्रीटसाठी फळ्या-टेकू लावणारा, दुसऱ्या साइटवर निघून गेला आणि जोता पावसाळ्याच्या तोंडावर आला, त्यात मुरमाच्या भरणीला घाई झाली असती तर सगळंच बिघडलं असतं. दिवसा फोन लागत नाही, रात्री मेसेज केला की सकाळी उत्तर येतं. बाथरूमच्या टाइल्स आणि रंगाच्या बाबतीत पण त्यांचा फारसा जीव नाही, ते आम्हीच बघितलं. देवघर ईशान्येला पाहिजे होतं आईला, ते मात्र न कुरकुरता बसवून दिलं.

ड्रॉइंगचा सेट कसा असतो हे ज्यांना प्रत्यक्ष बघायचंय त्यांनी मेसेज करा, रविवारी सकाळी घरी असतो, कागद पण दाखवतो आणि घर पण.