पोरीची एनसीसी, एका जुन्या हवालदाराच्या नजरेतून

माझी मुलगी यंदा बी.एस्सी. झाली. पदवीबरोबर तिच्या हातात एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेटही पडलं, म्हणजे ‘बी’च्या पुढचं, तीन वर्षांनी मिळणारं. तेव्हापासून ओळखीचे पालक विचारतात, पोराला एनसीसीत घालावं का, अभ्यासाचं नुकसान होतं का, यातून खरंच ऑफिसर होता येतं का. सगळ्यांना एकदाच नीट सांगावं म्हणून लिहितोय. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. माझं ट्रेनिंग बेळगावच्या सेंटरला झालं. त्यामुळं ही तीन वर्षं बाप म्हणून पाहिलीच, पण उद्या अशाच एखाद्या पोराच्या हुकमावर ज्याला चालायचंय, त्या जवानाच्या नजरेनं जास्त पाहिली.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. एनसीसी म्हणजे भरती नाही. कॅडेटवर पुढं फौजेत जायचं कसलंही बंधन नसतं. पंडित हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशीवरून १९४८च्या कायद्यानं ही संघटना उभी राहिली. १९६२च्या युद्धानंतर, १९६३ साली, ती कॉलेजात सक्तीची झाली आणि १९६८ साली पुन्हा ऐच्छिक. आता जो येतो तो स्वतःच्या मर्जीनं येतो, आणि ते फार बरं आहे. मनाविरुद्ध आलेल्या पोराला ड्रिल शिकवणं म्हणजे काय, हे शिकवणाऱ्यालाच ठाऊक.

पालकांना दिसते ती परेड. खाकी वर्दी, कडक इस्त्री, पंधरा ऑगस्टची सलामी. मलाही बघून छाती फुगली, खोटं कशाला सांगू. पण ड्रिलमधून माझ्या मुलीला जे मिळालं ते रांगेत चालताना मिळालं नाही, रांगेला हुकूम देताना मिळालं. सुरुवातीला तिचा आवाज गळ्यातून यायचा आणि अर्ध्या मैदानातच विरायचा. युनिटचे उस्ताद, म्हणजे फौजेतूनच आलेले पीआय (पर्मनंट इन्स्ट्रक्टर) स्टाफ, तिला मैदानाच्या एका टोकाला उभं करायचे आणि बाकीचा ट्रूप दुसऱ्या टोकाला. तिथून ‘परेऽऽड, सावधान’ म्हणायचं, तेही पोटातून, शेवटचा शब्द तोडून. त्याहून अवघड होतं ते पाय बघून कमांड देणं. चालत्या ट्रूपला चुकीच्या पायावर ‘थम’ दिलं की अख्खी रांग अडखळते. हुकूम देणाऱ्याची चूक हुकूम पाळणाऱ्यांच्या पायात दिसते, हे एकोणिसाव्या वर्षी मैदानावर समजलेलं चांगलं.

फायरिंगबद्दल थोडक्यात. २२ बोअरची रायफल, २५ मीटरची रेंज, जमिनीवर पडून पाच गोळ्या, मग टार्गेटवर ग्रुप किती लहान आला, म्हणजे गोळ्या किती जवळजवळ लागल्या, ते बघायचं. सरावाला गोळ्या मोजक्याच मिळतात, त्यामुळं यातून नेमबाज तयार होईल अशी आशा धरू नका. श्वास कुठं रोखायचा, नळी कुणाकडं रोखायची नाही, हत्यार हातात घेतल्या घेतल्या ते रिकामं आहे का हे आधी बघायचं, एवढी शिस्त अंगात भिनली तरी पुष्कळ. हत्याराचं खोलना-जोडना पोरी झपाट्यानं शिकतात. आमच्याकडं तर जेवणाच्या ताटावर बसूनही ते तोंडपाठ म्हणणं चालायचं.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते मॅप रीडिंग, आणि त्यावर मी जरा रेंगाळणार आहे. ऑफिसरची पारख जवान पहिल्यांदा नकाशावरच करतो. रात्रीच्या गस्तीत पुढं चाललेल्या साहेबाला आपण कुठं आहोत हे माहीत आहे की नाही, ते मागच्या माणसाला फार लवकर कळतं. साहेब थांबतात कसे, टॉर्च झाकून नकाशा बघतात किती वेळा, त्यावरून. एनसीसीच्या अभ्यासक्रमात हे सगळं आहे. तीन उत्तर दिशा: खरी, चुंबकीय आणि ग्रिडची, म्हणजे नकाशावरच्या चौकोनी जाळीची. कंटूरच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या, रेषा जवळ आल्या की चढ खडा, लांब गेल्या की सौम्य. जाळीवरून जागा सांगणारा चार आकडी आणि सहा आकडी ग्रिड रेफरन्स, त्यातही आधी आडवं वाचायचं, मग उभं. १:५०,०००च्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, आणि सहा आकडी रेफरन्स दिला की तुम्ही १०० मीटरच्या चौकोनावर बोट ठेवलेलं असतं.

वर्गात हे फळ्यावर होतं आणि मुलं ते पाठ करतात. बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन, १८०पेक्षा कमी असेल तर १८० मिळवा, जास्त असेल तर वजा करा, झालं बॅक बेअरिंग, म्हणजे उलट्या दिशेचा कोन. परीक्षेत मार्क मिळतात. पण ते कशासाठी, हे डोंगरावर उभं राहिल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. मी मुलीला सुट्टीत साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या बाजूला घेऊन जायचो. तिथून एकीकडं अजिंक्यतारा दिसतो, दूर पलीकडं जरंडेश्वराचा डोंगर. दोन्हीवर कंपास धरायचा, आलेल्या आकड्यांची ग्रिड बेअरिंग करायची, मग बॅक बेअरिंग, नकाशावर त्या दोन ठिकाणांपासून रेषा मागं ओढायच्या आणि त्या जिथं कापतील तिथं आपण. याला रिसेक्शन म्हणतात. पहिल्यांदा तिच्या रेषा कापल्या त्या भलत्याच ओढ्यात. कंपास धरलेल्या हातात लोखंडी कडं होतं. ते काढून पुन्हा घेतलं तेव्हा बरोबर आम्ही उभे होतो त्या वळणावर रेषा आल्या, आणि तिच्या चेहऱ्यावर जो विश्वास दिसला तो मला कुठल्याही मेडलपेक्षा मोठा वाटला. तुमच्या कॉलेजात मॅप रीडिंग फळ्यापुरतं राहत असेल, तर कॉलेजात एनसीसी बघणाऱ्या सरांना नम्रपणे विनंती करा की एक रविवार जवळच्या टेकडीवर द्या.

आता कॅम्प. ज्याला एनसीसी कशी आहे ते ठरवायचंय त्यानं परेडचं मैदान सोडून कॅम्पबद्दल विचारावं. वार्षिक प्रशिक्षण शिबिर साधारण १० दिवसांचं असतं. ‘बी’ सर्टिफिकेटसाठी एक आणि ‘सी’साठी दोन कॅम्प करावे लागतात. पहाटे उठणं, पीटी, ड्रिल, क्लास, लाइनची, म्हणजे राहायच्या जागेची, सफाई, संध्याकाळी खेळ, रात्री पहारा. राहण्या-जेवणाचा खर्च सरकारी. घरी ज्या पोरीला आठ वाजता हाका माराव्या लागतात ती तिथं चारला उठून दुसऱ्यांना उठवते, हे बघून आईला आश्चर्य वाटतं, मला नाही. सोबतीनं माणूस उठतो.

दुसऱ्या कॅम्पमध्ये मुलीकडं तिच्या लाइनच्या रात्रपहाऱ्याची यादी आली. तिनं केली यादी. दोन दिवसांनी लक्षात आलं की रात्री दोन ते चारची ड्युटी फिरून फिरून त्याच मुलींवर येतेय, ज्या कधी तक्रार करत नाहीत त्यांच्यावर. बोलक्या मुली पहिल्या नाहीतर शेवटच्या पाळीत. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. ‘मला उशिराची नको गं’ असं जी म्हणाली तिचं ऐकलं गेलं, एवढंच. तिनं यादी फाडली, सगळ्यांसमोर नवी केली आणि पहिल्याच रात्री दोन ते चारला स्वतःचं नाव घातलं. घरी आल्यावर हे सहज सांगत होती. मी ताट बाजूला ठेवून ऐकलं. पलटणीत आम्ही नवीन साहेबाला ओळखायचो ते त्याच्या इंग्रजीवरून किंवा दौडीवरून नाही. ड्युटी लिस्ट आणि सुट्टीची यादी तो कशी करतो, जवानांचं जेवण झाल्यावर जेवतो की आधी, यावरून ओळखायचो. बोलका आणि मुका दोघांना एकाच मापानं मोजणारा साहेब मिळाला, तर माणसं त्याच्यामागं कुठंही जातात. माझ्या लेखी एनसीसीची खरी शिकवण ही आहे, आणि ती कुठल्याही पेपरात विचारत नाहीत.

म्हणून रँकबद्दलही सांगतो. सार्जंट, अंडर ऑफिसर, सीनियर अंडर ऑफिसर या फिती खांद्यावर छान दिसतात आणि पोरं त्यासाठी झुरतात. फीत नाही मिळाली तरी निराश होऊ देऊ नका. फीत नसलेल्या कॅडेटलाही सेक्शन, म्हणजे छोटी तुकडी, चालवायची वेळ येते. फील्ड क्राफ्टमध्ये, म्हणजे मैदानावरच्या लढाऊ हालचालींत, हाताच्या खुणांवर सेक्शन पसरवायचं, उघड्या मैदानातून ॲरोहेडमध्ये, बाणाच्या टोकासारखं, न्यायचं, अरुंद वाटेनं एका रांगेत, हे ज्याला दिलं जाईल त्यानं मनापासून करावं.

उणी बाजूही सांगितली पाहिजे. प्रशिक्षणाचा दर्जा कॉलेजनुसार फार बदलतो, आणि तो बदलतो मुख्यतः प्राध्यापक-अधिकाऱ्यावर. एएनओ (असोसिएट एनसीसी ऑफिसर) झालेले प्राध्यापक कामठीच्या आणि महिला प्राध्यापिका ग्वाल्हेरच्या अकादमीतून शिकून येतात. ज्यांना आवड असते ते पोरांसाठी जीव टाकतात. काही ठिकाणी मात्र एनसीसी म्हणजे पाहुण्यांच्या स्वागताला उभं राहणारी रांग होऊन बसते, आणि ते मला मनापासून खटकतं. ज्या पोराला विचार करायला शिकवायचं त्याला दिवसभर गेटवर उभं करू नये. वर्षाच्या अखेरीस ड्रिलवर भर आणि नकाशा, फील्ड क्राफ्ट घाईत, हा तोलही बदलायला हवा. ड्रिलनं चांगला सैनिक घडायला सुरुवात होते. ऑफिसरला त्यापुढं रोज निर्णय घ्यायचा सराव लागतो.

आता मुख्य प्रश्न, ऑफिसर होता येतं का? वाट आहे. एनसीसी स्पेशल एंट्रीनं शॉर्ट सर्व्हिस कमिशनसाठी, म्हणजे ठरावीक वर्षांच्या ऑफिसरकीसाठी, थेट एसएसबीला (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या निवडचाचणीला) बोलावणं येऊ शकतं, सीडीएसची (कम्बाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेस) लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. त्यासाठी ‘सी’ सर्टिफिकेटला किमान ‘बी’ ग्रेड, पदवीला ५० टक्के गुण आणि वय १९ ते २५ लागतं. मुलगे-मुली दोघांनाही ही वाट खुली आहे. एसएसबी पाच दिवसांची असते: पहिल्या दिवशी चाळणी, मग मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटकामं, मुलाखत, शेवटी कॉन्फरन्स. निवड आणि मेडिकल पार पडलं की चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत ४९ आठवडे. नोकरी १० वर्षांची, पुढं ४ वर्षं वाढू शकते. पण जागा थोड्या आणि ‘सी’वाले पुष्कळ. सर्टिफिकेट तुम्हाला दारापर्यंत नेतं. आत गटकामात नऊ अनोळखी पोरांबरोबर फळी, दोरी आणि पिंपं घेऊन अडथळा पार करायचा असतो. तिथं कुणाचं ऐकून घेता, कुणाला हात देता, हे बघणारा बघत असतो. कॅम्पमध्ये ज्यानं हे मनापासून केलंय त्याला तिथं सोंग आणावं लागत नाही.

अभ्यासाबद्दल विचाराल तर प्रॅक्टिकल आणि कॅम्पच्या तारखा एकमेकांवर येतात तेव्हा ओढाताण होते. वर्षाच्या सुरुवातीलाच विभागप्रमुखांना कॅम्पचं सांगून ठेवावं, वर्गमैत्रिणीच्या वह्या लागतील हे धरून चालावं. एनसीसीच्या परेडला ७५ टक्के हजेरी लागते, तीही विसरू नये. जमलं तर आर्मी अटॅचमेंट कॅम्पला नाव द्यावं. तिथं कॅडेट खऱ्या फौजी वातावरणात राहतात आणि जवानांशी बोलायला मिळतं. माझ्यासारख्याच्या चार गोष्टी ऐकून पोरगं हुशार होतं.

मुलींच्या आईवडिलांना खास सांगणं: पाठवा. सुरक्षिततेची काळजी मलाही होती. मुलींच्या लाइनला वेगळी व्यवस्था आणि महिला अधिकारी असतात, तरी कॅम्पला जाण्याआधी त्यांना एकदा भेटून या, म्हणजे घरी झोप लागेल.

नाव मात्र पदवीच्या पहिल्याच वर्षी द्या. ॲडमिशन झाल्यावर थोड्याच दिवसांत कॉलेजात निवडीची नोटीस लागते, त्यात धावणं आणि शारीरिक तपासणी असते, तेव्हा सुट्टीतच पळायला सुरुवात करा. दुसऱ्या वर्षी शिरलात तर ‘सी’ची तीन वर्षं तीन वर्षांच्या पदवीच्या मुदतीत बसत नाहीत, आणि स्पेशल एंट्रीची वाट तिथंच बंद होते.